हरवलेला 'व'

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी खाली उतरवली, तर तिच्यातून आजोबांचे जुने खरेदीखत निघाले. त्यावर नाव 'पोतनवीस'. आम्ही सारे पोतनीस. मधला 'व' कुठे गेला याची घरात कोणालाच फिकीर नव्हती. पण आमच्या ८१ वर्षांच्या आत्याला महालातल्या दोन खोल्या स्वतःच्या नावावर करून हव्या आहेत. लग्न न करता, शाळेत नोकरी करून तिने आम्हां भावंडांना शिकवले. तिला घेऊन मी एका कचेरीत गेलो. खिडकीमागचा क्लार्क म्हणाला, "आजी, ते पोतनवीस, तुम्ही पोतनीस. मग हे तुमचे वडील कशावरून?"

मराठीच्या प्राध्यापकाने अशा वेळी गप्प बसावे. मी बसलो नाही.

'नवीस' म्हणजे फारसीत लिहिणारा. पत्रे लिहिणारा तो चिटणवीस, खजिन्याचा हिशेब लिहिणारा तो पोतनवीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनवीस. बोलता बोलता 'व' झिजला आणि उरला 'नीस'. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या पदांना संस्कृत नावे दिली. वाकनीस मंत्री झाले, सुरनीस सचिव झाले. पण आडनावांतली फारसी काही हलली नाही. पद बापाकडून मुलाकडे जाई आणि पदाबरोबर नावही. नाना फडणवीस मूळचे वेळासच्या भानू घराण्यातले. पण 'नाना भानू' म्हटले तर किती जण ओळखतील?

नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारातही असे लेखणीवाले होतेच. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. दरबार गेला, दप्तर गेले, आडनावे मात्र राहिली. या शहरात तर दोन्ही रूपे सुखाने नांदतात : महालात चिटणीस पार्क, सिव्हिल लाइन्समध्ये चिटणवीस सेंटर. त्यावरून कोणी कोणाचा बाप विचारल्याचे ऐकिवात नाही!

साहेबाचेही तेच. कडबी चौकाकडे आपली क्लार्क टाऊन नावाची वस्ती आहे. 'क्लार्क' हे इंग्रजांचे घरोघरचे आडनाव; त्यांच्याबरोबर ते अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले. मध्ययुगात लिहिणे-वाचणे हे बहुतेक पाद्र्यांचे काम. पाद्री तो लॅटिनमध्ये 'क्लेरिकस'. त्यावरून लिहिणारा तो क्लार्क. नोकरीचे नाव लिहिताना इंग्रज 'ई' हे अक्षर घालतो, आडनावात बहुधा 'ए'; उच्चार दोन्हींचा एकच. म्हणजे तिकडचा क्लार्क आणि इकडचा नवीस एकाच धंद्यातले.

"थोडक्यात," मी खिडकीत वाकून म्हणालो, "तुम्हीही आमच्यातलेच!"

क्लार्क हसला. माझ्यामागे उभी असलेली रांग हसली नाही. "सर, हे सगळं छान आहे," तो म्हणाला, "पण प्रतिज्ञापत्र आणा."

बाहेर ऑटोत बसल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. सीताबर्डी मागे पडली तेव्हा म्हणाली, "इतक्या वर्षांत माझे वडील कोण, असं मला कुणी विचारलं नव्हतं रे."

मला माझ्या व्युत्पत्तीची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र करून आणले. 'पोतनवीस व पोतनीस हे एकच' असा मजकूर सांगितला होता. टंकलेखकाने तो केला, शिक्का बसला, मीही न वाचता पिशवीत टाकला. आत्याने मात्र चश्मा लावून, बोट फिरवीत शब्द न् शब्द वाचला. शाळेत चाळीस वर्षे वह्या तपासलेली बाई. खालच्या ओळीशी तिचे बोट थांबले.

"काय बाप्पा, हा 'पोटनीस' कोण?"

दिवाळीनंतर पुन्हा जायचे आहे. या खेपेस मजकूर ती स्वतःच्या हाताने लिहून देणार आहे.