विकी : सर्वांनी मिळून लिहायची वही

कोरोनाच्या काळात, २०२० आणि २०२१ साली, ऑनलाइन शिक्षण म्हणजे काय ते आपण घरोघरी पाहिले. शिक्षक बोलत होते, मुले ऐकत होती. जी ऐकत नव्हती ती कोणती, हे कळायला मार्ग नव्हता. पुढे वर्ग भरू लागले, पण ऑनलाइन अभ्यासक्रम काही गेले नाहीत. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या व्यवस्थेवर २०१७ पासून कॉलेजचे अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांनाही उद्या असे अभ्यासक्रम करावे लागतील. तेव्हा त्यांनी पडद्यासमोर बसून नुसते ऐकायचे, की काही करायचेही, हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे की करायला हवे, आणि त्यासाठी विकीसारखे स्वस्त व सोयीचे साधन दुसरे नाही.

विकी म्हणजे ज्या पानावर वाचणाराच लिहूही शकतो असे पान. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली पहिली विकी सुरू केली. 'विकी' हा हवाई बेटांवरचा शब्द असून त्याचा अर्थ 'झटपट' असा आहे. आपल्या शाळेतील भित्तिपत्रक डोळ्यांसमोर आणा. त्यावर एकाने लिहिलेले दुसऱ्याने सुधारावे, आणि कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आपोआप राहावी, तशी ही विकी. चुकून कोणी मजकूर पुसला तरी जुना परत आणता येतो. शिवाय प्रत्येक पानामागे चर्चेचे एक पान असते. शिक्षकाच्या दृष्टीने नोंद आणि चर्चा या दोनच गोष्टी सर्वांत मोलाच्या आहेत. उत्तरपत्रिकेत फक्त उत्तर दिसते. विकीत उत्तरापर्यंतची वाट दिसते.

कॉलेजच्या वर्गात हे करून पाहिल्याची दोन उदाहरणे विचार करण्याजोगी आहेत. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन बीझली-मरे या प्राध्यापकांनी २००८ साली लॅटिन अमेरिकन साहित्याच्या विद्यार्थ्यांना निबंधाऐवजी इंग्रजी विकिपीडियावरील लेख लिहायला लावले. विकिपीडियाचे जुने स्वयंसेवक मदतीला आले, चुका दाखवत राहिले, मुले पुनःपुन्हा लिहीत राहिली. त्यातील तीन लेखांना विकिपीडियावरचा सर्वोच्च दर्जा मिळाला. आस्तुरियास या नोबेल विजेत्या लेखकाच्या कादंबरीवरचा लेख त्यांपैकीच एक.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. २०११ साली तेथील काही कॉलेजांत असाच प्रयोग झाला. पण मुले फार आणि त्यांचे लेखन वाचून वेळीच सांगणारे मार्गदर्शक थोडे. अनेकांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला. तो काढता काढता स्वयंसेवक थकले आणि प्रयोग त्याच वर्षी थांबवावा लागला. साधन दोन्हीकडे एकच होते. फरक होता तो लिहिलेले वाचून बोलणारा माणूस जवळ असण्या-नसण्याचा.

पालक विचारतील, आता तर कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात निबंध लिहून देते, मग विकी काय करणार? ती नक्कल अडवू शकत नाही, हे खरे. पण पंधरा दिवसांचे काम आदल्या रात्री एकाच घासात आले, तर नोंदीत ते दिसते आणि शिक्षक त्या मुलाला जवळ बसवून चार प्रश्न विचारू शकतात. चौघांच्या गटात एकच राबतो आणि तिघे गुण घेतात, ही जुनी तक्रारही नोंदीमुळे बरीच मिटेल.

म्हणून विश्वस्त मंडळाला नम्र सूचना. तयार व्याख्यानांचे महागडे संच घेण्याआधी इयत्ता नववीच्या एका तुकडीसाठी, बाहेरच्यांना न उघडणारी छोटी विकी सुरू करावी. विकिपीडिया ज्यावर चालतो ते 'मीडियाविकी' विनामूल्य मिळते. खरा खर्च शिक्षकांच्या वेळेचा आहे. त्यासाठी त्यांच्या आठवड्यातील दोन तासिका मोकळ्या कराव्यात. नाहीतर पुण्याचेच पुन्हा होईल. वीस गुण ठेवले तर दहा सुधारणांच्या नोंदीला, पाच चर्चेला आणि पाच तयार पानाला द्यावेत.

विषय शोधायला लांब जायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरल्या. दांडिया बाजारातील जुने वाडे, मराठी कुटुंबांची येथे येण्याची कारणे, आजी-आजोबांच्या बोलीत मिसळलेले गुजराती शब्द, हे सारे अजून कितीतरी घरांत नुसते आठवणीत आहे. मुलांनी ते विचारावे, पुस्तकांतून पडताळावे, कोठून घेतले ते सांगून लिहावे. त्यातले जे पक्के ठरेल ते पुढे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावरही जाऊ शकेल.

महाराजांच्या काळात पुस्तक वाचकाच्या दारी आले. आता आपल्या मुलांनी लिहिते व्हावे. परगावी राहून मराठी टिकवायची तर ती केवळ बोलून आणि ऐकून टिकणार नाही, हे आपण सारे जाणतोच. येत्या पालकसभेत यावर मोकळेपणी चर्चा व्हावी, ही विनंती.