परिचारिकेला बोलायला कोण शिकवणार? आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक
यांस,

मी मिरजेत नर्सिंग झालेल्या मुलींना इंग्रजी शिकवते. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात परिचारिका म्हणून नोंदणी व्हायची तर आपल्याकडच्या मुलींना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेची तयारी करून घेणं हे माझं काम. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी आपल्याच विद्यापीठाच्या पदवीधर आहेत. सांगली, तासगाव, जत, कवठेमहांकाळकडच्या. चार वर्षं इंग्रजी पुस्तकांतून शिकलेल्या, इंग्रजीत पेपर लिहून पास झालेल्या, पुढे आयसीयूत, ओटीत काम केलेल्या. तरीही या परीक्षेत अडकलेल्या. ‘मॅडम, तीन निघाले, रायटिंग राहिलं,’ असं सांगत मुलगी येते आणि पाठोपाठ आजवर किती पैसे गेले ते सांगते.

परीक्षा असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २००८ साली जर्मनीहून शनिवार-रविवारच्या ड्यूटीसाठी इंग्लंडला गेलेल्या एका डॉक्टरने केंब्रिजशायरमधल्या रुग्णाला डायमॉर्फिनचा दहापट डोस दिला आणि तो रुग्ण दगावला. थकवा, औषधाची अपुरी ओळख अशी कारणं त्यामागे होती. पण चौकशीत त्या डॉक्टरच्या इंग्रजीचाही प्रश्न पुढे आला. युरोपातल्या डॉक्टरांना त्या काळी नोंदणीच्या वेळी भाषेची परीक्षा नसे. २०१४ मध्ये ब्रिटनने कायदा बदलून ती तपासणी त्यांनाही लागू केली आणि २०१६ पासून युरोपातल्या परिचारिकांनाही. तेव्हा हा नियम फक्त आपल्या मुलींना अडवण्यासाठी आहे, असं मी वर्गात कुणाला म्हणू देत नाही. उद्या माझी आई परक्या भाषेच्या नर्सच्या हाती असेल, तर तिला आईचं दुखणं समजतं का, याची खात्री मीही मागेन.

माझं म्हणणं वेगळं आहे. ही परीक्षा जे तपासते ते आपण शिकवत नाही. इंग्रजीत नाही, आणि मराठीतही नाही.

परीक्षा मुख्यतः दोन. एक आयईएलटीएस, जी सगळ्याच परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे. तिच्यात आलेख वाचून त्याचं वर्णन लिहा, एखाद्या सामाजिक प्रश्नावर अडीचशे शब्दांचा निबंध लिहा, असं असतं. त्याचा वॉर्डाशी संबंध नाही. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेनेही २०१८ च्या शेवटी लेखनाची अट ७ वरून ६.५ वर आणली. दुसरी ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, म्हणजे ओईटी. ही १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आकाराला आली, खास आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी. परदेशातून तिथे आलेले डॉक्टर, परिचारिका कामावर प्रत्यक्ष काय बोलतात-लिहितात ते पाहून मेलबर्न विद्यापीठाच्या टिम मॅकनमारा यांनी तिची मांडणी केली. आज बारा व्यवसायांसाठी ती घेतली जाते आणि ब्रिटनची परिचर्या परिषद २०१७ पासून ती मान्य करते. ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत ३५०, लेखनात ३००, एवढे गुण मिळाले की पुरे.

आता या परीक्षेत होतं काय, ते जवळून पाहा.

मागच्या पावसाळ्यात वर्गात रोल-प्ले चालला होता. मी पेशंट झाले होते: साठीतला शेतकरी, मधुमेह, पायाला जखम, इन्शुलिन घ्यायला तयार नाही. समोर नर्स. कार्ड वाचायला तीन मिनिटं, बोलायला पाच. मुलगी जत भागातली, एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूत तीन वर्षं काढलेली, शीर सापडत नसली की डॉक्टर जिला हाक मारतात अशी. तिने सुरुवात केली, ‘सर, यू हॅव टू टेक इन्शुलिन. डॉक्टर हॅज ऑर्डर्ड. इफ यू डोंट टेक, इन्फेक्शन विल स्प्रेड अँड दे विल कट द लेग.’ इंग्रजी चालण्याजोगं होतं. मी पेशंट म्हणून गप्प राहिले. तिने तेच पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. पाच मिनिटं संपली.

मग मी म्हटलं, आता हेच मराठीत कर, मी तुझ्या वॉर्डातला आजोबा. ती खुलली, खुर्ची पुढे ओढून बसली. ‘आजोबा, इंजेक्शन घ्यायलाच लागतंय. डॉक्टरांनी सांगितलंय न्हवं? नाही घेतलं तर पाय कापायला लागंल.’ भाषा बदलली, बोलणं तेच राहिलं. आजोबा नको का म्हणतात, हे तिने दोन्ही भाषांत विचारलं नाही. माझ्या कार्डावर लिहिलेलं होतं: शेजाऱ्याला इन्शुलिन सुरू केलं आणि सहा महिन्यांत त्याचा पाय गेला, म्हणून याला धास्ती बसली आहे. एका प्रश्नासरशी ते बाहेर आलं असतं.

ओईटीच्या बोलण्याच्या भागात उच्चार, ओघ, व्याकरण यांना गुण आहेतच. पण २०१८ पासून त्यांच्या जोडीला आणखीही निकष आले: रुग्णाशी नातं जोडता येतं का, त्याची बाजू समजून घेता येते का, माहिती कशी विचारता, कशी देता, बोलण्याला काही क्रम आहे का. या मुलीचे गुण तिथे जातात आणि ती घरी जाऊन व्याकरणाचं पुस्तक उघडून बसते, कारण आपलं इंग्रजीच कच्चं आहे असं तिला वाटतं. दोष तिचा नाही. ती शिकली त्या वॉर्डांत एका सिस्टरच्या वाट्याला किती खाटा येतात, हे आपल्याला मी सांगायला नको. शिकताना तिने कुणा वरिष्ठाला असं शांतपणे विचारताना फारसं पाहिलेलंच नसतं.

लेखनाचं तेच. तिथे केस नोट्स देतात आणि पत्र लिहायला सांगतात. रुग्ण घरी चालला आहे, पुढची काळजी घेणाऱ्या नर्सला पत्र लिहा. पाच मिनिटं वाचायला, चाळीस मिनिटं लिहायला, पत्र साधारण १८० ते २०० शब्दांचं. मुली नोट्समधलं सगळं उतरवतात. लहानपणी झालेलं अपेंडिक्सचं ऑपरेशन, वडिलांचा रक्तदाब, दाखल झाल्यापासून रोजचं तापमान. जखमेचं ड्रेसिंग कधी बदलायचं आणि कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे मात्र शेवटच्या ओळीत, नाहीतर राहूनच जातं. वाचणाऱ्याला काय हवंय, हा विचार करून लिहिण्याची सवय त्यांना कुठून असणार? डिस्चार्ज कार्ड डॉक्टर लिहितात. नर्सच्या वाट्याला रिपोर्ट बुक येतं आणि त्यात वर्षानुवर्षं तीच तीन वाक्यं: व्हायटल्स स्टेबल, मेडिसिन गिव्हन, नो फ्रेश कम्प्लेंट्स. ड्यूटी बदलताना ‘ओव्हर’ दिला जातो तोही बहुधा तोंडी, उभ्या उभ्या. रात्रीतून काय बदललं आणि कुणावर लक्ष ठेवायचं, हे दोन मिनिटांत नेमकं सांगणं हे फार मोठं कौशल्य आहे. त्याचा तास आपल्या वेळापत्रकात नाही.

एक गोष्ट इथेच नोंदवते. ‘माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं आहे, मग परीक्षा कशाला?’ असं मुली विचारतात आणि कॉलेजातून माध्यमाचा दाखला आणतात. ब्रिटनच्या परिषदेला एवढा दाखला पुरत नाही. शिकताना रुग्णांशी, नातेवाइकांशी, सहकाऱ्यांशी झालेला बहुतांश संवादही इंग्रजीत झालेला असावा लागतो. सांगली-मिरजेच्या वॉर्डात रुग्ण मराठी बोलतो, कानडी बोलतो, आणि नर्सने त्याच्याशी त्याच भाषेत बोलावं हेच योग्य. म्हणजे हा दाखल्याचा रस्ता आपल्या मुलींना जवळपास बंदच आहे. हे त्यांना पहिल्या वर्षीच सांगितलं, तर पुढची धावपळ तरी वाचेल.

पैशांकडे येते, कारण घरोघरी हेच बोललं जातं. एका परीक्षेच्या फीत खासगी रुग्णालयातल्या नव्या परिचारिकेचा महिन्याचा पगार जवळजवळ जातो. क्लासचे वेगळे. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात. एजंटाने कागदपत्रं रखडवली, मध्ये लग्न झालं, बाळंतपण आलं, की मुदत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन बैठकांचे गुण काही अटींवर जोडता येतात, हेसुद्धा अनेकींना कुणी सांगितलेलं नसतं. तिसऱ्यांदा फी भरून आलेल्या एका मुलीचं काम पहिल्या दोन निकालांतच झालं असतं, हे तिचे कागद पाहताना माझ्या लक्षात आलं. तिने ते पैसे सोनं गहाण ठेवून उभे केले होते. शासनमान्य पदवी हातात असलेल्या मुलीवर ही वेळ यावी, याचा मला राग येतो.

केरळने हे ओळखलं. तिथे नोर्का रूट्स ही राज्य सरकारची संस्था परदेशी जाणाऱ्यांची व्यवस्था पाहते, तिरुवनंतपुरमला भाषा शिकवण्याचं केंद्र चालवते आणि ओईटी, आयईएलटीएस, जर्मन यांची तयारी करून घेते. आपल्या सरकारनेही २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. जर्मन भाषा सरकारने शिकवावी हे आपल्याला पटलं असेल, तर इंग्रजीचा भार एकट्या मुलीच्या घरावर का टाकायचा?

माझी मागणी मात्र परदेशापुरती नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सत्र पद्धतीच्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात ‘कम्युनिकेटिव्ह इंग्लिश’ आहे, २ क्रेडिटचा, ४० तासांचा. म्हणजे मुलगी वॉर्डात नीटशी रुळलेलीही नसते, तेव्हाच तिचं इंग्रजी संपतं. पुढची सात सत्रं ती खऱ्या रुग्णांसमोर उभी असते आणि त्या काळात भाषेचा तास नसतो. पुढच्या वर्षांत वैकल्पिक विषय आहेत, त्यांत सॉफ्ट स्किल्स आहे, नोकरीच्या तयारीचा विषय आहे. जागा आहे. परिषदेने आखलेला अभ्यासक्रम किमान आहे. त्यात भर घालायला विद्यापीठ मोकळं आहे.

प्रत्येक वर्षी मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसिक आरोग्य अशा त्या त्या विषयाच्या प्रॅक्टिकलला जोडून बोलण्याचा आणि लिहिण्याचा एक भाग ठेवावा. रुग्णाला समजावून सांगणं मराठीत. ओव्हर देणं आणि पत्र लिहिणं इंग्रजीत. त्याला गुण असावेत, कारण गुणांशिवाय आपल्याकडे काही शिकवलं जात नाही. शिकवायला इंग्रजीच्या प्राध्यापकांबरोबर वॉर्डात मुरलेल्या सिस्टर असाव्यात. निवृत्त मेट्रनसुद्धा हे काम आनंदाने करतील. आणि विद्यापीठाच्या विभागीय केंद्रांत शेवटच्या वर्षाच्या मुलींना परदेशातल्या नोंदणीचे नियम कुणीतरी सरळ मराठीत समजावून सांगावेत, परीक्षेची तयारी माफक फीत करून घ्यावी. जीएनएम पदविकेच्या मुली आपल्या अखत्यारीत येत नाहीत; त्यांच्या राज्य मंडळाशी बोलून त्यांनाही या केंद्रांत घ्यावं.

यावर एक हरकत येईल, ती मी आधीच ऐकली आहे. ‘मुलींना इतकं तयार केलं तर सगळ्या निघून जातील, मग आपल्या रुग्णालयांचं काय?’ मुली इंग्रजी येतं म्हणून जात नाहीत. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने सांगितलं होतं, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगार हवा. माझ्या वर्गातल्या कितीतरी जणी आजही त्याच्या खाली काम करतात. त्यांना भाषेच्या अडाणीपणात बांधून ठेवणं हा पगाराच्या प्रश्नाला पर्याय होऊ शकत नाही. शिवाय जिला आजोबांची भीती विचारून काढता येते ती मुलगी मिरजेतच राहिली, तर फायदा मिरजेचाच आहे. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणी या ना त्या कारणाने इथेच राहतात. त्यांच्या हाती सोपवलेले रुग्ण तुमचे-माझे नातेवाईक आहेत.

पुढच्या शैक्षणिक वर्षाआधी नर्सिंगच्या अभ्यास मंडळाची एक बैठक फक्त या विषयावर बोलवावी, अशी माझी आपल्याला विनंती आहे. परीक्षेत अडकलेल्या दोन-चार मुलींना आणि परदेशात काम करत असलेल्या आपल्या काही माजी विद्यार्थिनींना तिथे बोलू द्यावं. त्या ऑनलाइनही बोलतील. वर्गात वापरण्यासाठी मी तयार केलेली मराठी-इंग्रजी रोल-प्लेची कार्डं विद्यापीठाला विनामूल्य द्यायला मी तयार आहे. सांगाल त्या दिवशी ती घेऊन नाशिकला येईन.

आपली विश्वासू,
परिचारिकांना इंग्रजी शिकवणारी एक शिक्षिका, मिरज