तपासणी एका सकाळची, रक्तदाब वर्षभराचा

हजारो तासांच्या उड्डाणाचा अनुभव गाठीशी असलेला माणूसही मेडिकलच्या आदल्या रात्री नीट झोपत नाही. प्रवासी विमानं चालवणाऱ्यांना वर्षातून एकदा, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी, ‘क्लास वन’ वैद्यकीय तपासणीला सामोरं जावं लागतं. डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी सगळं ठीक निघतं आणि गाडी अडते ती बीपीपाशी. आकडा वर राहिला की ‘टेम्पररी अनफिट’, रोस्टरमधून नाव बाहेर. फ्लाइंग अलाउन्सच्या भरवशावर घेतलेल्या घराचे हप्ते मात्र थांबत नाहीत. ही भीती खोटी नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून वैमानिकांना आरोग्याचे धडे देण्यात अर्थ नाही.

फिजिशियन म्हणून माझ्याकडे अधूनमधून वैमानिक येतात. बऱ्याच जणांची मागणी ठरलेली असते. ‘डॉक्टर, सोमवारी मेडिकल आहे. त्या दिवसापुरती एखादी गोळी द्या ना.’ मी नाही म्हणतो. एक तर बीपीची गोळी अशी चालत नाही. अम्लोडिपिनसारख्या रोजच्या वापरातल्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. दुसरं म्हणजे, घेतलेली गोळी अर्जात लिहिली नाही तर ती खोटी माहिती ठरते आणि मग प्रश्न बीपीचा राहत नाही, लायसन्सचा होतो. तिसरं कारण त्या वैमानिकाच्या मागे बसलेल्या शे-दोनशे माणसांचं आहे.

१८ जून १९७२ ला लंडनच्या हीथ्रोहून ब्रुसेल्सला निघालेलं ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडंट विमान उड्डाणानंतर अवघ्या काही मिनिटांत स्टेन्स गावाजवळ कोसळलं. विमानातले सगळे, ११८ जण गेले. कॅप्टन स्टॅन्ली की हे अनुभवी वैमानिक. उड्डाणापूर्वी क्रू-रूममध्ये त्यांचा एका सहकाऱ्याशी कडाक्याचा वाद झाला होता. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाच्या धमन्या आधीपासून खराब असल्याचं आणि एका धमनीच्या भिंतीला ताजी इजा झाल्याचं दिसलं. तणावात रक्तदाब चढला की अशी इजा होते, असं तज्ज्ञांनी चौकशीत सांगितलं. अपघाताला इतरही कारणं होती. पण धमन्यांचा तो आजार आधीच्या एकाही तपासणीत सापडला नव्हता, हे विसरून चालणार नाही. वैमानिकाच्या मेडिकलमध्ये बीपीला एवढं महत्त्व का, याचं उत्तर इथे मिळतं. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. वर्षानुवर्षं धमन्या झिजवतो आणि एखाद्या दिवशी पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन समोर येतो.

आता दिलासा देणारी गोष्ट. उच्च रक्तदाब म्हणजे उड्डाण संपलं, असं आज राहिलेलं नाही. अमेरिकेत १५५/९५ आणि युरोपात १६०/९५ ही वैमानिकांसाठीची वरची मर्यादा आहे. नेहमीची बहुतेक औषधं घेऊनही तिथे विमान चालवता येतं. आपल्याकडेही औषधांनी रक्तदाब ताब्यात असलेला वैमानिक फिट ठरू शकतो. नवीन गोळी सुरू केल्यावर चक्कर, थकवा येतो का हे पाहायला काही दिवस जमिनीवर काढावे लागतात, एवढंच. मात्र या मर्यादा उड्डाणाच्या परवान्यासाठी आहेत, निरोगी असल्याचा दाखला म्हणून नाहीत. घरी मोजलेला रक्तदाब सतत १३५/८५ च्या वर राहत असेल, तर परवाना खिशात असला तरी उपचारांचा विचार करावाच लागतो.

सगळ्याच गोळ्या चालतात असंही नाही. मेंदूवर काम करून रक्तदाब उतरवणारी औषधं वैमानिकांना वर्ज्य आहेत, कारण त्यांनी गुंगी येते, मन खिन्न होतं. यातलं एक औषध आपल्या मातीतलं आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे वळलं. त्या कामासाठी १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कारही मिळाला. पण सर्पगंधेतलं रेझर्पिन वैमानिकाला चालत नाही. म्हणून ‘आयुर्वेदिकच आहे, काय होतंय’ म्हणत कुणी दिलेली पुडी घेण्याआधी तिच्यात काय आहे ते विचारा.

आता मोजण्याविषयी, कारण निम्मा घोटाळा इथेच होतो. वैमानिक धापा टाकत जिना चढून येतो, सकाळपासून दोन कॉफी झालेल्या असतात, लघवी तुंबलेली असते, शर्टाची बाही दंडावर घट्ट गोळा केलेली, पाय लोंबकळत आणि तोंडाने बोलणं चालू. अशा स्थितीतला आकडा त्याचा खरा आकडा नव्हे. नुसत्या बोलण्याने वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो. व्यायामाने भरलेल्या दंडाला लहान पट्टा बांधला तरी बीपी जास्त दिसतं. लघवी करून या, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पावलं जमिनीवर ठेवा, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीला टेकलेला असू द्या आणि तोंड मिटा. अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम बंद. पट्टा लहान पडत असेल तर मोठा मागा. तो तुमचा हक्क आहे.

एवढं करूनही डॉक्टरसमोर बीपी चढणारी माणसं असतात. १९८३ मध्ये मिलानच्या संशोधकांनी रुग्णांच्या धमनीतला रक्तदाब सलग मोजला, तेव्हा डॉक्टर खाटेजवळ येताच तो झपाट्याने वर गेलेला दिसला. वरच्या आकड्यातली सरासरी वाढ २५ च्या पुढे होती. अशा माणसाला २४ तासांचं बीपी मॉनिटर लावलं की खरं काय ते कळतं. त्याचा अहवाल आणि घरच्या नोंदींची वही तपासणीला जाताना बरोबर ठेवा.

या वहीची सुरुवात मेडिकलच्या किमान तीन महिने आधी व्हायला हवी. मनगटाचं नको, दंडाचं मशीन घ्या. सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा आणि आलेला आकडा आहे तसा लिहा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं धरून एक छोटा चमचा. विमानातलं तयार जेवण, लेओव्हरमधलं नूडल्सचं पाकीट, घरून दिलेला चिवडा आणि ताटातलं लोणचं यांचं मीठही त्यातच मोजायचं. एक किलो वजन उतरलं की रक्तदाब साधारण एका अंकाने उतरतो, तेव्हा सहा-सात किलो ही मोठी कमाई आहे. घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर थांबवा. त्याने शरीरात मीठ साचतं आणि बीपी वाढतं. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही बीपी वाढतं.

आणि घोरण्याकडे लक्ष द्या. रात्री गाढ झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्के उतरायला हवा. रात्रपाळीची उड्डाणं ही विश्रांती हिरावून घेतात, त्यात झोपेत श्वास अडकत असेल तर औषधंही नीट लागू पडत नाहीत. हे वैमानिकाला स्वतःला कळत नाही. श्वास अडकतोय, मग दचकून जाग येते, हे घरच्यांना दिसतं. ते त्यांनी डॉक्टरला सांगायला हवं.

विमान कंपन्यांनाही एक विनंती आहे. काही दिवस जमिनीवर राहणाऱ्याचा पगार निम्म्यावर येणार असेल, तर तो आजार लपवणारच. उपचारांच्या काळात उत्पन्नाची हमी द्या, म्हणजे वैमानिक वेळेवर बोलतील.

वैमानिक मित्रांनो, मेडिकलची तारीख अजून लांब असेल तर आजच बीपी मोजा. जास्त आलं तर या आठवड्यातच डॉक्टरकडे जा, जी गोळी लागेल ती उघडपणे घ्या आणि अर्जात तिचं नाव लिहा. औषधांनी ताब्यात ठेवलेलं बीपी तुमची नोकरी घेत नाही. लपवलेलं बीपी मात्र नोकरीबरोबर जीवही घेऊ शकतं, तुमचा आणि तुमच्या भरवशावर बसलेल्यांचाही.