हातासाठी साधन की साधनासाठी हात?

बसवनगुडी हा बंगळूर शहरातील एक जुना भाग. तेथील गांधी बाजारात १९४३ साली सुरू झालेले 'विद्यार्थी भवन' हे उपाहारगृह आहे. डोशाच्या बशांची उंच चळत एकाच हातावर तोलून गर्दीतून वाट काढणारे तेथील वाढपी पाहून नवखे गिऱ्हाईक थक्क होते. सवयीने हात काय काय शिकतो, याचा हा उत्तम दाखला होय. मात्र कौतुकाच्या भरात एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. प्रत्येक वेळी हातानेच का शिकावे? वस्तूने हाताशी जुळवून का घेऊ नये?

माणसाचे शरीर आणि त्याचे साधन यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राला 'एर्गोनॉमिक्स' म्हणतात. कोकणातील शेतकऱ्याला ते नाव ठाऊक असण्याची गरज नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव विळा' हाती आला, की जुन्या विळ्याशी त्याची तुलना मनगटच करते.

या शास्त्राची कसोटी शेतात आणि कारखान्यात लागते, तशीच ती व्हिडिओ गेममध्येही लागली. घरातील मूल दोन्ही हातांत धरते तो 'कंट्रोलर' क्षुल्लक खेळणे वाटतो खरा. पण तासन्तास, न पाहता, केवळ बोटांच्या जाणिवेवर चालवावी लागणारी अशी साधने फार थोडी आहेत. १९८२ साली निन्तेंडो या जपानी कंपनीतील गुनपेई योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण योजले. अंगठा जागेवरून न उचलता चारही दिशा दाबता येऊ लागल्या. कल्पना साधी, पण अंगठ्याचा विचार करून सुचलेली. त्याच कंपनीच्या पुढच्या कंट्रोलरचा आकार मात्र चौकोनी पेटीसारखा राहिला आणि त्याचे कोपरे तळहाताला रुतत. १९९० साली कडा गोलावल्या आणि रिकाम्या बसलेल्या तर्जनींसाठी वरच्या बाजूस बटणे आली.

सुधारणेचा हा प्रवास सरळ झाला नाही. मायक्रोसॉफ्टचा २००१ सालचा पहिला 'एक्सबॉक्स' कंट्रोलर इतका अवजड होता, की तो थट्टेचा विषय झाला. आतील सर्किटची पाटी मोठी होती, म्हणून कवच मोठे झाले. हाताचा क्रमांक शेवटी लागला. जपानसाठी २००२ साली लहान कंट्रोलर काढण्यात आला आणि पुढे इतरत्रही तोच रूढ झाला. लहान हातांच्या लोकांची अडचण ही सर्वांचीच अडचण होती, हे त्यावरून उघड झाले. त्याआधीचा एक प्रसंग तर अधिकच बोलका आहे. निन्तेंडोच्या एका खेळात कंट्रोलरवरील लहान दांडी वेगाने गरगर फिरवावी लागे. मुले ती तळहाताने फिरवीत आणि हाताला फोड येत. तक्रारी झाल्यावर २००० साली अमेरिकेत कंपनीने मुलांना हातमोजे देण्याचे मान्य केले. दुखापतीची दखल घेतली गेली, हे चांगलेच. तरी दांडी तीच राहिली आणि मोजा हातालाच घालावा लागला.

या साऱ्याच्या मुळाशी 'सरासरी हात' ही समजूत आहे. असा हात प्रत्यक्षात कोणाचाच नसतो. संधिवाताने ताठरलेली बोटे, अपघातात गमावलेला अंगठा, बालवयातील इवलीशी मूठ, हे सारे हातच आहेत. साधन जमत नाही तेव्हा ही माणसे स्वतःलाच दोष देतात, ही यातील सर्वांत मोठी हानी म्हणावी लागेल. भारतातील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वांना वापरता येतील अशा वस्तूंचा पुरस्कार केला आहे; परंतु बाजारात वस्तू मांडणाऱ्यांच्या मनात तो अद्याप पुरता उतरलेला दिसत नाही.

२०१८ साली मायक्रोसॉफ्टनेच दिव्यांग खेळाडूंच्या सल्ल्याने एक निराळा कंट्रोलर आणला. त्यावर दोन मोठी, तबकडीसारखी बटणे आहेत आणि मागील बाजूस एकोणीस लहान खाचा आहेत. ज्याला जे अवयव हलवता येतात, त्याने त्यांच्यासाठीची कळ तेथे जोडावी. पायाने, कोपराने, हनुवटीने खेळावे. त्याच्या खोक्याचाही विचार केला गेला. हात अधू असलेली माणसे चिकटपट्ट्या दातांनी तोडतात, हे ध्यानी घेऊन त्या खोक्याला ओढायचे मोठे फासे लावले आहेत.