जुगुप्सेचा कर्ता कोण?

'रिपल्शन', 'रिजेक्शन', 'डिसगस्ट' या तिन्हींना आपली समीक्षा सर्रास 'जुगुप्सा' म्हणते. हा आळस निरुपद्रवी नाही. पहिल्यात हाकलणे आहे, दुसऱ्यात परत फेकणे, तिसऱ्यात जिभेची अरुची. 'जुगुप्सा' मात्र 'गुप्' धातूची, स्वतःला जपणारी. बारामती-इंदापूरकडे ज्वारीवरची पाखरे गोफणीने हाकलतात. त्यात किळस कसली? उलट, वेशीबाहेर माणसाला हाकलले आणि त्या कृतीला नाव दिले विटाळाचे. विरुद्धार्थीही पाहावेत: 'रिपल्शन'समोर आकर्षण, 'डिसगस्ट'समोर गोडी, विटाळासमोर मात्र सोवळे, आणि ते कुणालाच जवळ ओढत नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) बीभत्सरसात बसवणारा समीक्षक वाचकाची शिसारी तेवढी मोजतो. हाकलणारा हात त्याच्या परिभाषेत येतच नाही.