दोन तबकड्या, चार बाजू

ड्युनेडिन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल ते क्रिकेटच्या समालोचनात. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे हे विद्यापीठाचे शहर. १९८२ साली तिथल्या चार तरुण रॉक गटांची गाणी 'ड्युनेडिन डबल' या नावाने एका वेष्टनात निघाली. द चिल्स, स्नीकी फीलिंग्ज, द स्टोन्स आणि द व्हर्लेन्स हे ते गट. तबकड्या दोन, बाजू चार; प्रत्येक गटाला एक बाजू. ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या साध्या टेपयंत्रावर झाले. प्रकाशक होती ख्राइस्टचर्चची, आदल्याच वर्षी निघालेली 'फ्लाइंग नन' ही छोटी कंपनी. आवाज इतका खरखरीत की प्रथम मला ती तालीमच वाटली.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. गाण्यातले फारसे कळत नाही, हिशेब थोडा कळतो. चिल्सचा चाहता तबकडी घेतो आणि न मागता व्हर्लेन्सही घरी नेतो. भागीदारीत भांडवल एकत्र येते, तसे इथे श्रोते एकत्र आले. मात्र या भागीदारीत कोणालाही आपला सूर सोडावा लागला नाही. पुढे लोकांनी 'ड्युनेडिन साउंड' असे एकच नाव दिले. पण चारही बाजू ऐकल्या की चार निरनिराळे गट भेटतात.

आपल्याकडे काय होते? स्नेहसंमेलनात मराठी गाणी एका दिवशी, कन्नड दुसऱ्या. पहिला क्रमांक जाहीर होतो, ढाल कपाटात जाते आणि बाकीची गाणी मंडपाबरोबर उतरतात. गेल्या वर्षी कन्नड विभागातल्या माझ्या मित्राने स्वतः रचलेले गाणे म्हटले. बाजारात सफाईने कन्नड बोलणारा मी त्या दिवशी घरी झोपलो होतो. ते गाणे आज कुठेही नोंदलेले नाही.

कोणी म्हणेल, आधी मुंबई-पुण्यात किंवा बंगळूरला नाव होऊ द्या. ड्युनेडिनच्या मुलांनी मोठ्या कंपनीची वाट पाहिली नाही. आज तर टेपयंत्रही नको, खिशातला मोबाईल पुरतो. एका मुखपृष्ठाखाली दोन भाषा नांदतात हे आपला हा अंकच दाखवतो. मग संमेलन समितीने क्रमांक न लावता चार गटांची गाणी एकत्र काढावीत: दोन मराठी, दोन कन्नड. मित्राचे गाणे शोधायला आलेल्याच्या कानावर शेजाऱ्याचेही पडेल.

भांडण उरेल ते पहिली बाजू कोणाची एवढेच. त्यासाठी चिठ्ठ्या टाकता येतील.