वयाला दंड, गंजाला सूट

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील वाहनांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दुप्पट केले. दुचाकीला 1,000 ऐवजी 2,000 आणि मोटारीला 5,000 ऐवजी 10,000 रुपये झाले. पाठोपाठ नोव्हेंबरच्या अधिसूचनेने योग्यता तपासणीच्या शुल्काचे टप्पेही वयावरच बांधले. त्यात 20 वर्षांवरील जड वाहनाला 25,000 रुपये आहेत. मोडकळीला आलेली वाहने रस्त्यावरून जावीत, हा हेतू रास्त आहे. पण जुन्या गाडीला मोडकळीला आणणारा चासीतला आणि तळाच्या पत्र्यातला गंज या कोष्टकात कुठेच नाही.

गंज चढायला ओल लागते आणि क्षार मिळाले की त्याचा वेग वाढतो. बर्फाळ देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेते. मॅग्नेशियम क्लोराइडला त्यासाठी 33 टक्केही पुरतात. रस्ता वाळला तरी पत्रा ओला राहतो, तो त्यामुळे. कोकणात हेच काम खारी हवा करते. सोलापूरची गोष्ट वेगळी. वर्षाचा पाऊस साधारण 550 मिलिमीटर आणि एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली. इथे 22 वर्षे फिरलेल्या गाडीचा फ्लोअर ठणठणीत निघतो आणि किनाऱ्यावर 12 वर्षे काढून इथल्या बाजारात आलेल्या गाडीच्या फ्लोअरमधून जमीन दिसते, हा अनुभव पत्राकाम करणाऱ्यांना नवा नाही. शुल्क मात्र पहिलीला जास्त, दुसरीला कमी.

सोलापूरच्या गाड्यांना गंजच लागत नाही, असे नाही. तो लागतो, फक्त त्याच्या जागा ठरलेल्या असतात. काळी माती मडगार्डच्या आतल्या कडेला आणि चासीच्या खाचांत चिकटून बसते आणि आठवडाभर ओल धरून ठेवते. बोअरच्या जड पाण्याने धुतलेल्या गाडीवर पाणी सुकते, क्षार उरतात. पोटॅश खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड; फाटलेल्या गोणीतली पूड हौद्याच्या फळ्यांमधून क्रॉस मेंबरवर साठते आणि पहिल्या पावसात कामाला लागते. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांवर गळलेला रस आंबून आम्ल होतो. मळीच्या टँकरच्या व्हॉल्व्हखालचा पत्रा म्हणूनच सर्वांत आधी जातो. त्यात सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळा भागात ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि दुचाक्या गाळात उभ्या राहिल्या. इंजिन उघडून साफ झाले, ऑइल बदलले, गाड्या चालू झाल्या. पण पोकळ सेक्शनमध्ये शिरलेला गाळ ज्यांनी काढला नाही, त्यांचा पत्रा आतून बाहेर गंजत येणार आहे.

हे सगळे तपासणीत पकडले जायला हवे. प्रत्यक्षात पासिंगची तयारी म्हणजे रंगाची तयारी झाली आहे. गाडी लावण्याच्या आदल्या दिवशी चासीवर काळा रंग मारतात, हौद्याला नवा हात देतात, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवतात. रंग ओला असतानाच गाडी रांगेत उभी राहते. मागच्या पाट्याच्या हँगरजवळ रंगाला फुगवटा दिसतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर पापुद्रे निघतात आणि टोक आत जाते. पण तो टेकवतो कोण? स्वयंचलित केंद्रात रोलरवर ब्रेक मोजला जातो, हेडलाइटचा झोत आणि धूर यंत्र मोजते. गंज मोजणारे यंत्र नाही. तिथे खाली उतरून डोळ्यांनी पाहावे लागते आणि हाताने ठोकावे लागते. खासगी मोटारीची स्थिती तर आणखी वाईट. पहिली 15 वर्षे तिच्याखाली सरकारी तपासनीस डोकावतच नाही आणि नूतनीकरण झाले की पुढची 5 वर्षेही नाही. किनाऱ्यावरची गाडी ज्या वयात पोखरली जाते, ते वय या पहिल्या 15 वर्षांतच येऊन जाते.

रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ब्रिटनने हा प्रश्न साध्या नियमाने सोडवला आहे. तिथल्या वार्षिक तपासणीत स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक, सीटबेल्ट यांच्या बैठकीपासून 30 सेंटिमीटरच्या आत भार घेणारा पत्रा गंजाने कमजोर झाला असेल, तर गाडी नापास. तपासनीस अंगठ्याने दाबतो, छोट्या हत्याराने ठोकून आवाज ऐकतो. तिथे लांबी भरलेली चालत नाही. नवा पत्रा वेल्डिंगनेच बसवावा लागतो. यासाठी कोट्यवधींची यंत्रणा लागत नाही. एक पिट, एक बॅटरी, एक हातोडी आणि तपासणाऱ्याची खाली उतरायची तयारी एवढे पुरते. वयावर हजारो रुपये आकारणाऱ्या मंत्रालयाला हा एक परिच्छेद नियमात घालता येत नसेल, तर शुल्कवाढीचा सुरक्षिततेशी संबंध लावू नये.

दोष एकट्या अधिकाऱ्यांचा नाही. काळा रंग मारणारे हात गॅरेजचेच आहेत. सिलच्या भोकात जाळी कोंबून वर लांबी ओढणारे, गंज न घासता त्यावर अंडरकोट मारणारे, ‘पासिंगपुरते करून देतो’ म्हणणारे याच व्यवसायात आहेत. गंजावरचा अंडरकोट ओल बाहेर जाऊ देत नाही. पत्रा उघडा असता त्यापेक्षा लवकर संपतो. जळके ऑइल फवारल्याने रबरी बुश फुगतात आणि त्यावर बसलेली धूळ पुन्हा ओल धरते. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसते. कारागिराला ठाऊक असते आणि तरीही तो करतो, ही गोष्ट व्यवसायाला शोभणारी नाही.

म्हणून आता सुरुवात गॅरेजमधूनच व्हावी. भार घेणाऱ्या जागी लांबी अजिबात नको. गंज धातूपर्यंत घासावा, कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा सलग वेल्डिंगने बसवावा, इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि मगच अंडरकोट. दार आणि सिलखालची पाणी निघायची भोके प्रत्येक सर्व्हिसिंगला तारेने मोकळी करावीत. पुरात बुडालेल्या गाडीचे सेक्शन गोड्या पाण्याने आतून धुऊन, वाळवून मगच मेण फवारावे. ऊस आणि खत वाहणाऱ्यांना हंगाम संपताच तळ धुवायला सांगावे. काम करण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो बिलासोबत द्यावेत. जे काम दाखवता येत नाही, ते घेऊ नये. आणि जिल्ह्यातल्या गॅरेजचालकांच्या व वाहतूकदारांच्या संघटनांनी एकत्र येऊन परिवहन आयुक्तांकडे एकच मागणी लेखी करावी: शुल्क वयावर नको, तळाच्या स्थितीवर ठरवा आणि तळ पाहिल्याशिवाय योग्यतेचा दाखला देऊ नका.